मालक बदलल्यानंतरचा पहिला फोन

पत्र आलं गुळगुळीत कागदावर.
करवतीचं पातं होतं जिथे पूर्वी, तिथे आता
निळा थेंब.
"प्रिय ग्राहक, विश्वासाचा हा नवा अध्याय…"
मी कागद उलटा केला,
मागे जिन्याच्या पायऱ्या मोजायला घेतल्या.
पेन्सिल उमटेना.

हे रंधायंत्र वडिलांनी घेतलं तेव्हा मी नऊ वर्षांची.
ट्रॅक्टरमागे बांधून घाट चढवलं,
आई म्हणाली, एवढ्यात दोन गाई आल्या असत्या.
बिडाचा पाट. जानेवारीत हात चिकटेल इतका गार.
ब्रेगेन्झच्या वरचं अर्धं खोरं त्याच्यावरून गेलंय,
चर्चचे बाक, शाळेची दारं,
वडिलांची पेटीसुद्धा,
फक्त तिच्यावर शेवटचा हात मी हातरंध्याने फिरवला.

तेव्हा कारखान्यात फोन गेबहार्ट उचलायचा.
"एकोणऐंशीचं ना? बटण उजवीकडे?
मग तुमचा स्क्रू उलट्या आट्यांचा. जोर लावू नका."

पण खोटं कशाला बोलू,
जुने मालकही काही देवमाणूस नव्हते.
करवतीची टेकपट्टी पहिल्या दिवसापासून केसभर तिरकी.
गुण्या लावून दाखवला, तर म्हातारा म्हणे,
गुण्या तपासून घ्या.
एका पट्ट्यासाठी अकरा आठवडे थांबलोय आम्ही.
शिव्या घालायचो,
पण नाव घेऊन घालायचो.

आता मालक म्हणजे एक फंड, लक्झेंबर्गात की कुठे.
आमच्याकडे सुतार ओळखायचा तो अर्ध्या बोटावरून.
फंडाला बोटं किती?

शनिवारी कास्पर म्हणाला, पट्टे आत्ताच घेऊन ठेव,
सहा जोड, पुढे मिळायचे नाहीत.
इल्गा म्हणाली, निदान टेकपट्टी तरी सरळ देतील.
दोघांचंही पटलं मला. बियर कोमट झाली.

आणि गुरुवारी दात गेला.
लाकूड आत ओढणाऱ्या रुळाचं चाक, सत्तावीस दात्यांचं.

फोनवर आधी संगीत. मग तीन दाबा.
मग एक कोवळा आवाज: "ग्राहक क्रमांक?"
नाही.
"यंत्राचा क्रमांक?"
पत्र्यावरचे आकडे माझ्याच बाहीने पुसले गेले,
चव्वेचाळीस वर्षं घासून घासून.
"मग तुम्ही यादीत सापडत नाही."

मी भांडले नाही.
फोन यंत्राला लावला आणि बटण दाबलं.
खर्र, टक्. खर्र, टक्.
पलीकडे कुणी नाही असं वाटलं.
मग, "थांबा, बंद नका करू.
एक नाही, दोन गेलेत. शेजारचा चिरलाय."

बंद करून विजेरी घेऊन वाकले.
दोन.

नाव सेरहात. वडील याच कारखान्याच्या ओतशाळेत होते,
ती बंद होईपर्यंत.
"हे चाक यादीत नाही," तो म्हणाला, आणि आवाज खाली आणून,
"पण मागच्या शेडमध्ये खोकी आहेत, नावं नसलेली.
पाचनंतर बघतो. पाचपर्यंत
आमची मिनिटं मोजतात."

त्याच्या आधीच एक फॉर्म आला.
आमच्या सेवेला किती तारे?
आपल्या अपेक्षा थोडक्यात लिहा.
उत्तराला जागा बोटभर, तेही अर्ध्या.
मी लिहिलं: सत्तावीस दाते.
मग इल्गासाठी: टेकपट्टी.
आणखी एक लिहून खोडलं.

पाच वाजून वीस.
ढलप्या झाडून झाल्या, पोतं बांधून झालं.
भुशाच्या पंख्यात मला फोन कधी ऐकू येत नाही
म्हणून पंखा बंद ठेवलाय,
आणि फोन बिडाच्या पाटावर,
वाजला तर हाताला कळेल.